फेसाची नावे : प्रस्तावना

बंगळूरच्या आग्नेय दिशेस असलेल्या बेळ्ळंदूर तलावाविषयीचा एक इंग्रजी लेख मराठीत उतरवून देण्याचे काम काही वर्षांपूर्वी पुण्याच्या एका संपादकांनी मजकडे सोपविले, आणि चाळीस वर्षे या शहरात राहिलेल्या, कन्नड वर्तमानपत्र रोज वाचणाऱ्या व त्या तलावाच्या काठी स्वतः अनेकदा उभ्या राहिलेल्या माणसाला हे काम दोन दुपारींपलीकडे पुरणार नाही, अशा समजुतीने मी ते बिनदिक्कत पत्करले. भाषांतर झाले, रवाना झाले, आणि पंधरवड्याने मसुदा परत आला तेव्हा त्यातील ‘फेस’ या शब्दाभोवती तेवीस ठिकाणी पेन्सिलीची वर्तुळे काढलेली होती. समासात एवढेच लिहिले होते की, मूळ लेखकाने यासाठी पाच निरनिराळे शब्द योजिले आहेत, आपल्याकडे एकच आहे काय?

हा प्रश्न मला लागला. लागला अशासाठी की तो रास्त होता. मूळ लेखात, तलावाच्या सांडव्यावर उसळणाऱ्या पांढऱ्या राशीला ‘फोम’ म्हटले होते, वाऱ्याने उडून रस्त्यावर येणाऱ्या तिच्या हलक्या पुंजक्यांना ‘फ्रॉथ’ म्हटले होते, घरोघरच्या न्हाणीघरांतून व धुण्याच्या यंत्रांतून निघणाऱ्या साबणाच्या पाण्याचा उल्लेख आला तेथे ‘लॅदर’ आणि ‘सड्स’ हे शब्द होते, आणि पाण्यावर साचून राहिलेल्या मळकट थराला ‘स्कम’ असे नाव होते. या पाचांपैकी प्रत्येक शब्दाला स्वतःचा स्वभाव आहे. फोम हा शब्द भारदस्त आहे, तो समुद्रालाही चालतो आणि कारखान्यालाही. फ्रॉथमध्ये हलकेपणा आहे, म्हणून पोकळ भाषणालाही तो लावतात. लॅदर हा साबणाचा आणि दौडून आलेल्या घोड्याच्या अंगावरच्या घामाचा. आणि स्कम हा शब्द, ज्याच्या डच भावंडाचा अर्थ आजही नुसता फेस असाच आहे, तो इंग्रजीत इतका घसरला की माणसाला लावला तर ती शिवी होते. माझ्या भाषांतरात ही सगळी मंडळी एकाच सतरंजीवर बसविली गेली होती.

संपादकांना मी त्या वेळी काही सटरफटर दुरुस्त्या करून मसुदा परत धाडला. परंतु एक वही मात्र तेव्हापासून घातली. स्वयंपाकघरात, न्हाणीघरात, गोठ्यात, गुऱ्हाळावर, समुद्रकाठी, सोनाराच्या दुकानात, वैद्याच्या फडताळात, जेथे जेथे हवा आणि द्रव यांचा हा अल्पायुषी संयोग होतो, तेथे तेथे मराठी माणूस त्याला काय म्हणतो, याची टिपणे त्या वहीत होत गेली. पुढील पृष्ठांतील संग्रह हा त्या वहीचाच नीटनेटका केलेला मजकूर होय, आणि तो वाचण्यापूर्वी वाचकाच्या हाती काय द्यावे, याचा हा खुलासा आहे.

सुरुवातीस मी नामे शोधत होतो, आणि तीच माझी चूक होती. फेन, फेण, बुडबुडा, बुद्बुद, मळी, ऊत अशी दहा-बारा नावे जमल्यावर यादी अडली. मग एके दिवशी घरात लोणच्याची तयारी चालली असता, जे इतकी वर्षे रोज कानांवरून जात होते ते प्रथमच ऐकू आले. माझी पत्नी शेजारच्या मुलीला सांगत होती, “अगं, नुसती पूड कालवू नकोस, मोहरी फेसून घे.” फेसणे! इंग्रजीत जो भेद नामांनी दाखविला जातो तो आपल्या भाषेने क्रियापदांच्या हवाली केला आहे, ही गोष्ट त्या एका वाक्याने माझ्या ध्यानी आली.

मोहरी फेसणे हे कृत्य ज्यांनी जवळून पाहिले नाही त्यांच्यासाठी थोडे थांबले पाहिजे. मोहरीची डाळ किंवा पूड खोलगट भांड्यात घेऊन तिच्यात थोडे थोडे पाणी घालीत, ती हाताने किंवा बत्त्याने एकाच दिशेने घोटीत राहायचे. पहिली काही मिनिटे नुसता पिवळा राडा दिसतो आणि वास म्हणाल तर जवळजवळ नाहीच. मग हळूहळू रंग फिका होत जातो, मिश्रण हाताखाली फुगल्यासारखे, हलके झाल्यासारखे लागते, आणि एका क्षणी ती झोंब अशी उठते की घोटणाऱ्याला मान फिरवावी लागते, डोळ्यांतून पाणी येते आणि नाकापासून टाळूपर्यंत एक वाट मोकळी होते. मोहरी चढली असे त्यावेळी म्हणतात. कोरड्या मोहरीत ही तिखटाई नसते. दाण्यात वेगवेगळे कोंडून ठेवलेले दोन पदार्थ पाण्याच्या सान्निध्यात एकत्र आले म्हणजे ती निर्माण होते, असे रसायनशास्त्र सांगते. आमच्या आजीला ते शास्त्र ठाऊक नव्हते, परंतु पाणी, घोटणे आणि हवा या तिन्हींवाचून मोहरीचा गुण प्रकट होत नाही हे तिला पक्के ठाऊक होते, आणि त्या साऱ्या ज्ञानाला तिच्यापाशी तीन अक्षरांचे एकच क्रियापद होते. ‘लॅदर’ आणि ‘फ्रॉथ’ हे दोन्ही शब्द इंग्रजीत क्रियापदे म्हणूनही चालतात; पण त्यांपैकी कोणताही मोहरीपर्यंत पोहोचणार नाही.

एकदा ही किल्ली हाती आल्यावर कुलपे पटापट उघडू लागली. चरवीत धार काढताना दुधावर येतो तो फेस, आणि तेच दूध चुलीवर वर चढू लागले की त्याला येतो तो ऊत. फेस आपसूक येतो, ऊत उष्णतेने येतो, आणि म्हणून शिळ्या कढीला फेस कोणी आणीत नाही, ऊतच आणतात. इडलीचे पीठ फुगते, नीरेची ताडी होऊ लागली की ती फसफसते, ताक घुसळताना आधी फेस धरतो आणि मग लोणी येते. घोड्याच्या तोंडाला फेस येई तो लगामापाशी. मराठ्यांच्या मुलुखगिरीत तो किती जणांनी पाहिला असेल, आणि आज ज्याने आयुष्यात घोड्याला हातही लावला नाही तो कारकूनही दप्तराच्या कामाने तोंडाला फेस आला असेच म्हणतो.

‘फेस काढणे’ हा प्रयोग तर मला विशेष मोलाचा वाटतो, कारण त्याचे दोन अर्थ एकमेकांच्या थेट विरुद्ध आहेत. नाभिक दाढीच्या वाटीत ब्रश फिरवून फेस काढतो तेव्हा तो फेस निर्माण करीत असतो. शिजत्या डाळीवरचा फेस गृहिणी पळीने काढते तेव्हा ती तो टाकून देत असते. कोणता फेस हवा आणि कोणता नको, हे ज्याच्या त्याच्या कामावरून ठरते, आणि ऐकणाऱ्याचा गोंधळ कधीच होत नाही. गुऱ्हाळावर मात्र या नकोशा फेसाला स्वतंत्र नाव आहे. कोल्हापूरकडे काहिलीत उसाचा रस तापू लागला म्हणजे भेंडीच्या झाडाचा ठेचून काढलेला चिकट रस त्यात सोडतात. त्याला धरून रसातली सगळी घाण काळपट हिरव्या फेसाच्या रूपाने वर येते, आणि गुळव्या ती मोठ्या झाऱ्याने एकसारखी ओढून बाहेर टाकीत राहतो. ही मळी. गुळाचा रंग सोन्यासारखा उतरतो की काळा, हे या मळीच्या निकालावर अवलंबून असते. माझ्या भाषांतरात ‘स्कम’साठी मळी हा शब्द बेलाशक चालला असता, आणि तो मला सुचला नाही याची हळहळ अजून वाटते.

साबणाच्या फेसाकडे वळताना एक गोष्ट आधी सांगितली पाहिजे. साबण हा शब्द आपल्याकडे बाहेरून आला, अरबी-फारशीतील साबून आणि पोर्तुगीजांचा साबाँव ही दोन्ही त्याच घराण्यातील रूपे. परंतु साबणाचा फेस आपल्याकडे साबणाच्या कितीतरी आधीपासून होता. रिठ्याच्या झाडाला संस्कृत कोशकारांनी ‘अरिष्ट’ आणि ‘फेनिल’ अशी नावे दिली आहेत; अरिष्टकाचा रिठा झाला आणि फेनिल हे कवितेतले विशेषण म्हणून उरले. रिठ्याच्या सालीत जे द्रव्य असते ते पाण्याचा पृष्ठताण कमी करते. शुद्ध पाण्यात बुडबुडा उठतो न उठतो तोच फुटतो. परंतु ज्याच्या रेणूचे एक टोक पाण्याकडे ओढ घेते आणि दुसरे पाण्यापासून पळते, असे द्रव्य त्यात आले म्हणजे बुडबुड्याची भिंत लवचीक होते, आणि अशा हजारो भिंती एकमेकींना टेकून उभ्या राहिल्या की फेस होतो. तीच दोन टोके कपड्यावरचा स्निग्ध मळ सोडवितात. पैठणी आणि शालू रिठ्याच्या पाण्यातच धुवावेत, असे सांगणाऱ्या बायका आजही आहेत, आणि त्या बरोबर सांगतात.

बंगळूर शहराचा साबणाशी असलेला संबंध जुना आणि सन्मानाचा आहे. पहिल्या महायुद्धाच्या धामधुमीत म्हैसूर संस्थानातील चंदनाची परदेशी रवानगी खुंटली, लाकडाच्या राशी वखारींत पडून राहिल्या, आणि त्या वेळचे महाराज नाल्वडी कृष्णराज वडियार व त्यांचे दिवाण विश्वेश्वरय्या यांनी १९१६ साली चंदनाचे तेल येथेच काढण्याचा उपक्रम हाती घेतला. पाठोपाठ त्या तेलाचा साबणही निघाला. सो. ग. शास्त्री नावाचे रसायनज्ञ त्यासाठी इंग्लंडला जाऊन विद्या शिकून आले. हत्तीचे मस्तक आणि सिंहाचे शरीर असलेला शरभ ज्याच्या वेष्टनावर आहे, त्या म्हैसूर सँडल साबणाची वडी आमच्या पिढीतील मराठी कुटुंबांत पाहुण्यांसाठी जपून ठेवलेली असे. त्या साबणाला फेस फार येत नाही, असे कोणी म्हणत. पण त्याचे कारण पुष्कळदा साबणात नसून पाण्यात असे. येथील कूपनलिकांचे पाणी जड, क्षारांनी भरलेले. त्यात साबण घासला की फेसाऐवजी बादलीच्या कडेला पांढरट साका बसतो. कावेरीचे पाणी १९७४ साली शहरात आले, सुमारे १०० किलोमीटरांवरून, सुमारे ५०० मीटरांची चढण पंपांनी चढवून. आणि ज्या ज्या आळीत ते पोहोचले तेथे, फेस येऊ लागला, ही पहिली बातमी बायकांनी एकमेकींना दिली.

संस्कृत फेन हा शब्द स्वतः फार दूरवर फिरलेला आहे. रशियन पेना आणि इंग्रजी फोम हे त्याचेच गोत्रज, एकाच प्राचीन मूळ शब्दाची दूर दूर नांदणारी लेकरे. अफूला ‘अहिफेन’, म्हणजे सापाचा फेस, असे भयंकर नाव मिळाले ते वस्तुतः अरबी अफयून शब्दाला संस्कृताचा पोशाख चढविताना. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ चीक किंवा रस एवढाच आहे, परंतु ज्या पंडिताने प्रथम अहिफेन म्हटले त्याला त्या पदार्थाचा स्वभाव नेमका कळला होता, असे मी मानतो. समुद्रफेन, बोलीत समुद्रफेस, हा फेस नव्हेच; माकूळ नावाच्या जलचराच्या पाठीतले ते खडूसारखे कवच लाटांबरोबर किनाऱ्यावर येते, आणि पिंजऱ्यातल्या पोपटाला चोच घासण्यासाठी ते टांगतात. फारशी भाषेतही त्याला दर्याचा ‘कफ’, म्हणजे दर्याचा फेसच म्हणतात. हा फारशी कफ, ज्यावरून फेस उचलून घेण्याच्या झाऱ्याला कफगीर हे नाव पडले आणि जे दख्खनी स्वयंपाकघरांत आजही चालते, आणि वैद्यांच्या वात-पित्त-कफातला कफ, ही इराणात व हिंदुस्थानात वाढलेली भावंडेच होत.

गोव्याची फेणीही फेनाचीच. चांगल्या फेणीची बाटली हलवली किंवा ती उंचावरून पेल्यात सोडली की वर बारीक बुडबुड्यांचे कडे धरते, आणि जुने जाणकार त्या कड्यावरून तिची परीक्षा करीत; काजूच्या फेणीला २००९ साली भौगोलिक निर्देशांकाचा दाखला मिळाला. सुतरफेणी आणि तांदळाच्या फेण्या यांच्यात मद्याचा थेंब नाही, परंतु हलकेपणाचे आणि पापुद्र्यांचे नाते त्यांच्याही नावात आहे.

आणि या सर्व परिवारात एक शब्द असा आहे की त्याची नोंद करताना माझा हात थांबला. बंगालीत भाताच्या पेजेला, भांड्यावर फेस धरून उतू जाणाऱ्या त्या पिठूळ पाण्याला, ‘फॅन’ म्हणतात, आणि तोही फेनच. १९४३ च्या दुष्काळात कलकत्त्याच्या रस्त्यांवर खेड्यांतून आलेली माणसे दारोदार भात मागत नव्हती. भात मिळणार नाही हे त्यांना ठाऊक होते. ती फॅन मागत होती. इतरांच्या घरी जे गटारात ओतले जात असे, ते मागताना त्यांनी उच्चारलेला शब्द हा आपल्या फेसाचा सख्खा भाऊ आहे, हे कळल्यापासून ‘फेस म्हणजे टाकाऊ वस्तू’ हा अर्थ मी माझ्या वहीत पहिल्या क्रमांकावर लिहीत नाही.

कन्नड भाषेने या घराण्याशी सोयरीक केली नाही. तिचा शब्द ‘नोरे’, तमिळ नुरै आणि तेलुगू नुरुगु यांचा सहोदर. आणि नोरे म्हटले की बंगळूरकराच्या डोळ्यांसमोर प्रथम येते ती कॉफी. दावऱ्यातून, म्हणजे रुंद काठाच्या वाटीतून, पेल्यात, पेल्यातून दावऱ्यात, हात खांद्यापर्यंत उंच नेऊन ओतलेली कॉफी. ती धार मध्येच तुटत नाही, आणि शेवटी पेल्याच्या काठावर तपकिरी रंगाचा जो बारीक फेस उभा राहतो, तो ओठांना लागेपर्यंत टिकला पाहिजे, हा येथील दस्तूर. येथील जुन्या मराठी घरांत, मग ती भावसारांची असोत, नामदेव शिंप्यांची असोत की देशस्थांची, मराठी वाक्यात नोरे हा शब्द सहज येऊन बसतो. “कॉफीला नोरे नाही आली” असे वाक्य मी पहिल्यांदा ऐकले तेव्हा मला ते अशुद्ध वाटले होते, आणि आज त्याच्या जागी दुसरे वाक्य सुचत नाही. संग्रहात तो शब्द मी मराठी शब्द म्हणूनच घेतला आहे.

यावर कोणी आक्षेप घेईल, तर बंगळूरचाच इतिहास मी साक्षीस रुजू करीन. १६३८ साली विजापूरच्या रणदुल्लाखानाने हे शहर केंपेगौडांच्या वंशजाकडून जिंकले आणि ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. येथेच त्यांचा दरबार भरे, आणि त्या दरबारात जयराम पिंड्ये नावाचा कवी अनेक भाषांतून काव्य करीत असे. त्याच्या ‘राधामाधवविलासचंपू’ या ग्रंथाला इतिहासाचार्य राजवाड्यांनी जोडलेली प्रदीर्घ प्रस्तावना ही मराठीतल्या प्रस्तावना-वाङ्मयाचे एक शिखर आहे, आणि प्रस्तावना म्हणून चार पाने खरडताना तिचे स्मरण होऊन लेखणी जड होते. पुढे व्यंकोजीराजांच्या पदरी असलेले रघुनाथपंत हणमंते शिवाजी महाराजांकडे आले, आणि फारशी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा ‘राज्यव्यवहारकोश’ त्यांच्याच नावाशी निगडित आहे. १६८७ साली हे शहर म्हैसूरच्या चिक्कदेवराजांकडे तीन लाख रुपयांना गेले, मराठ्यांचा अंमल संपला. परंतु त्या पन्नास वर्षांत कन्नड, मराठी, फारशी आणि संस्कृत एकाच ओसरीवर बसून एकमेकींचे शब्द घेत-देत होत्या. दप्तर, जहागीर, सनद, बंदोबस्त हे शब्द ज्या मराठीने फारशीकडून हक्काने घेतले तिने शेजारणीकडून नोरे घेतला, तर त्यात गैर काय?

आता मूळ गोष्टीकडे, म्हणजे तलावाकडे आले पाहिजे.

आपल्या परंपरेत फेसाविषयी दोन विचार फार जुने आहेत. एक ऋग्वेदापासूनचा. नमुची नावाच्या असुराला ओल्या शस्त्राने मरण नव्हते आणि कोरड्यानेही नव्हते; इंद्राने तेव्हा पाण्याचा फेस घेऊन त्याचा शिरच्छेद केला. ओला नव्हे आणि कोरडाही नव्हे, अशी फेसाची याहून अचूक व्याख्या मला कोणत्याही विज्ञानाच्या पुस्तकात सापडलेली नाही. दुसरा विचार बौद्धांच्या पाली सुत्तांपासून आपल्या संतांपर्यंत सर्वत्र पसरलेला : गंगेवरून वाहत जाणारा फेसाचा गोळा जसा आत पोकळ, तसे हे शरीर, पाण्यावरचा बुडबुडा जसा क्षणाचा, तसे हे आयुष्य. आपल्या बोलीतील क्रियापदेही हीच साक्ष देतात. फेस बसतो, फेस जिरतो, फेस विरतो, फेस मोडतो. फेसाचा जन्म सांगणारी जेवढी क्रियापदे आहेत, तेवढीच त्याचे मरण सांगणारीही आहेत.

बेळ्ळंदूरच्या सांडव्यापाशी, ज्याला येथे कोडी म्हणतात, मी प्रथम गेलो तो वळवाच्या पहिल्या मोठ्या पावसानंतरच्या सकाळी. तलाव दिसण्याआधी वास आला. मग पुलाच्या कठड्यापलीकडे एक पांढरी भिंत दिसली, माणसाच्या डोक्याहून उंच, आणि ती हलत होती. वाऱ्याचा झोत आला की तिच्या माथ्यावरून उशीएवढे पुंजके सुटत, रस्ता ओलांडत, स्कूटरवाल्यांच्या अंगावर बसत. फेस रस्त्यावर येऊ नये म्हणून पुढे तेथे जाळ्याही लावल्या गेल्या. एक पुंजका माझ्या बाहीवर येऊन चिकटला. हातरुमालाने मी तो पुसला, तेव्हा तो फुटला नाही. दाबला गेला, करडा झाला आणि कापडावर तेलकट डाग सोडून राहिला, आणि त्याखालच्या कातडीला संध्याकाळपर्यंत खाज होती. दूर उभे राहून पाहणाऱ्याला ते हिम वाटले असते. माझ्या शेजारी उभा असलेला एक मुलगा त्याला बर्फच म्हणत होता.

हे कसे झाले याचा तपशील असा. शहराचे जवळजवळ ४० टक्के सांडपाणी राजकालुव्यांतून, म्हणजे शहरातील मोठ्या नाल्यांतून, या तलावात उतरत असे, आणि त्यातले पुष्कळसे कोणतीही प्रक्रिया न होता. कावेरीहून पाचशे मीटर चढवून आणलेले पाणी घराघरांतून साबण, पावडर आणि मैला घेऊन पुन्हा उताराला लागे ते येथे. आजच्या धुण्याच्या पावडरी म्हणजे जुना साबण नव्हे. गेल्या शतकाच्या मध्यास युरोप-अमेरिकेतील नद्याही अशाच फेसाळल्या होत्या, कारण त्या वेळच्या कृत्रिम द्रव्यांच्या रेणूंना फांद्या असत आणि जिवाणूंना त्या तोडता येत नसत. १९६० नंतरच्या दशकात तेथे सरळ साखळीची द्रव्ये आली आणि नद्या निवळल्या. तीच सरळ साखळी आपणही वापरतो. परंतु ती तोडणाऱ्या जिवाणूंना प्राणवायू लागतो, आणि बेळ्ळंदूरच्या पाण्यात तो उरलेलाच नव्हता. म्हणून ती द्रव्ये तुटण्याऐवजी गाळाला चिकटून तळाशी साठत गेली. पावसाचा लोंढा आला की गाळ ढवळला जाई, साठलेले सारे वर येई, आणि कोडीवरून पाणी कोसळताना त्यात हवा मिसळे. मोहरी फेसताना भांड्यात जे घडते तेच : द्रव्य, पाणी आणि हवा, मात्र येथे भांडे सुमारे नऊशे एकरांचे. खाली वर्तूरचा तलाव हेच पुन्हा करी, आणि तेथून दक्षिण पिनाकिनी ते पाणी घेऊन तमिळनाडूत होसूरजवळच्या केळवरपळ्ळी धरणापर्यंत जाई, तर तेथेही पांढऱ्या राशी उठत.

मे २०१५ मध्ये या फेसाला आग लागली. अग्निशामक दले तेलाची आग विझविण्यासाठी ज्या वस्तूचा उपयोग करतात तिलाच फोम म्हणतात. आणि येथे फेसावरच, त्याच्या तेलकट पृष्ठभागावर आणि खालून येणाऱ्या ज्वालाग्राही वायूवर, ज्वाळा चालत गेल्या. फेब्रुवारी २०१७ मध्ये तलावातील वाळलेल्या पाणवनस्पती व कचरा पेटून धुराचे लोट उठले, हरित लवादाने स्वतःहून दखल घेतली. जानेवारी २०१८ मध्ये पुन्हा आग लागली तेव्हा ती आटोक्यात आणण्यासाठी सैन्याचे हजारो जवान उतरवावे लागले. त्यानंतर लवादाच्या हुकुमाने पाणी वळवून गाळ उपसण्याचे काम सुरू झाले.

माझ्या भाषांतराची खरी अडचण काय होती, ती त्या पुलावर मला उमगली. शब्द कमी होते हे खरे, आणि ते शोधून मी वहीत जमविले हेही खरे. परंतु जी क्रियापदे मी इतक्या कौतुकाने गोळा केली होती त्यांपैकी शेवटची चार तेथे चालेनात. हा फेस बसत नव्हता, जिरत नव्हता, विरत नव्हता, मोडत नव्हता. आपल्या भाषेने हजारो वर्षे ज्याला क्षणभंगुरतेचा दृष्टान्त म्हणून वापरले, तो येथे दिवसेंदिवस उभा होता, रस्ता ओलांडीत होता आणि पेट घेत होता. अशा फेसासाठी मराठीने क्रियापद घडविले नाही, याचे कारण आपल्या पूर्वजांनी असा फेस पाहिलाच नव्हता. त्यांच्या ओढ्यांना रिठ्याच्या फेसाचा निकाल चार पावलांत लावता येत असे.

संग्रहाची मांडणी अकारविल्हे केलेली नाही. फेस ज्या ठिकाणी उत्पन्न होतो त्या ठिकाणांवरून प्रकरणे पाडली आहेत, आणि प्रत्येक शब्दाखाली तो मी कोणत्या प्रांतात व कोणत्या कामात ऐकला ते नमूद केले आहे. स्वयंपाकघराचे प्रकरण इतर सर्वांहून मोठे झाले, ते मी मुद्दाम कापले नाही. ‘फोम’ हा शब्द मराठीत गादीसाठी आणि खुर्चीच्या बैठकीसाठी चालतो, फेसासाठी नाही. म्हणून तो घेतला असला तरी शेवटी आणि त्याच अर्थाने घेतला आहे. केवळ कोशांत आढळलेले व कोणाच्याही तोंडून न ऐकलेले शब्द वेगळे काढून परिशिष्टात ठेविले आहेत.

तलावाच्या प्रकरणात नोंद एकच आहे, ‘कोडीवरचा फेस’. तिच्यापुढे क्रियापदासाठी सोडलेली जागा छापतानाही तशीच मोकळी ठेवावी, अशी विनंती मी मुद्रकांना केली आणि त्यांनी ती मान्य केली. वाचकांपैकी कोणी बेळ्ळंदूर, वर्तूर किंवा होसूरकडे राहत असेल, आणि तेथील मराठी बोलणाऱ्या घरांत या फेसाविषयी एखादे क्रियापद रुळले असेल, तर ते अवश्य कळवावे. पुढील आवृत्तीत ते त्या जागेवर घातले जाईल.

बंगळूर,
वटपौर्णिमा